अर्देशीर करसेटजी : वाफेने झपाटलेला मुंबईकर

एक सोपा प्रश्न. लंडनच्या रॉयल सोसायटीचा फेलो झालेला पहिला भारतीय कोण? क्विझमध्ये हा प्रश्न आला की बहुतेक जण लगेच बझर दाबतात – रामानुजन! रामानुजन फेलो झाले १९१८ साली. त्याच्या तब्बल ७७ वर्षं आधी, २७ मे १८४१ रोजी, मुंबईचे एक गृहस्थ एफ.आर.एस. झाले होते. ते गणितज्ञ नव्हते, प्रोफेसर नव्हते, कुठल्या कॉलेजात शिकलेलेही नव्हते. ते चक्क इंजिनिअर होते. तेही मरीन इंजिनिअर, गोदीत वाढलेले. त्यांचं नाव अर्देशीर करसेटजी वाडिया.

आम्ही चार वर्षं कॉलेजात जेम्स वॉट, कार्नो, रँकिन, डिझेल ही नावं घोकतो. त्यात आपल्याकडचं एकही नाव नसतं, आणि त्याचं आपल्याला काही वाटतही नाही. म्हणून यंदा मराठी विभागासाठी काय लिहायचं हे ठरवताना मला पहिल्यांदा अर्देशीरच आठवले.

वाडिया म्हटलं की पुणेकरांना वाडिया कॉलेज आठवतं. ते ज्यांच्या नावाने आहे ते नौरोसजी वाडिया याच घराण्यातले. घराण्याचा मूळ धंदा मात्र जहाजं बांधण्याचा. ईस्ट इंडिया कंपनीला मुंबईत गोदी उभारायची होती, तेव्हा १७३६ मध्ये लवजी नसरवानजी सुरतेहून मुंबईला आले. १७५० मध्ये त्यांच्या हाताखाली मुंबईची पहिली सुकी गोदी झाली. मग पिढ्यान् पिढ्या वाडियांनी मलबारच्या सागवानाची जहाजं बांधली आणि तीही अशी की खुद्द ब्रिटिश आरमार ऑर्डर द्यायचं. १८४२ चा नानकिंगचा तह झाला तो ‘कॉर्नवॉलिस’ या जहाजावर. ते मुंबईत बांधलेलं. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरवलेलं ‘ट्रिंकोमली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. दोनशे वर्षं टिकलं! आमचं वर्कशॉपचं जॉब सबमिशनपर्यंत टिकलं तरी पुरे.

अशा घरात ६ ऑक्टोबर १८०८ रोजी अर्देशीर जन्मले. वयाच्या चौदाव्या वर्षी, १८२२ मध्ये, ते गोदीत कामाला लागले. सगळं ठरलेलंच होतं. लाकूड शिकायचं, हळूहळू वर चढायचं आणि एक दिवस वडिलांसारखं मास्टर बिल्डर व्हायचं. पण या मुलाचं लक्ष लाकडापेक्षा वाफेकडे जास्त. तो काळच तसा होता. मुंबईच्याच गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मार्च १८३० मध्ये सुएझच्या सफरीवर निघाली आणि महिन्याभरात पोचली. शिडाच्या जहाजाने केप ऑफ गुड होपला वळसा घालून इंग्लंडला जायला कित्येक महिने लागायचे. त्यामानाने हा चमत्कारच होता. शिडांचे दिवस भरत आले आहेत हे अर्देशीरना घरातल्या इतरांच्या आधी कळलं असावं.

पण शिकायचं कुठे? रुरकीचं कॉलेज निघालं १८४७ मध्ये आणि आपल्या पुण्यातला एंजिनिअरिंग क्लास, ज्याचं पुढे सी.ओ.ई.पी. झालं, तो १८५४ मध्ये. त्यामुळे अर्देशीरनी स्वतःच सुरुवात केली. आधी एक हॉर्सपॉवरचं छोटं इंजिन बनवलं. मग इंग्लंडहून दहा हॉर्सपॉवरचं इंजिन मागवलं, ६० टनांचं जहाज बांधलं, त्यात ते इंजिन बसवलं आणि १८३३ साली पाण्यात सोडलं. जहाजाचं नाव ‘इंडस’. म्हणजे सिंधू.

दुसऱ्याच वर्षी आणखी एक उद्योग. १८३४ मध्ये माझगावच्या आपल्या बंगल्यात आणि बागेत त्यांनी गॅसचे दिवे लावले. दगडी कोळसा बंद भांड्यात तापवायचा, निघालेला वायू धुवून साफ करायचा, साठवायचा आणि नळ्यांतून दिव्यापर्यंत न्यायचा, ही पद्धत. आज ऐकायला सोपी वाटते. पण मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे यायला १८६५ साल उजाडलं, यावरून हा माणूस किती पुढे होता ते समजा. त्यांचे दिवे बघायला खुद्द गव्हर्नर आले होते.

१८३९ मध्ये ते इंग्लंडला निघाले. सुएझ कालवा तेव्हा नव्हताच (तो १८६९ चा), त्यामुळे सुएझपर्यंत बोटीने, मग वाळवंट, मग नाईल, मग अलेक्झांड्रिया आणि पुन्हा बोट. या प्रवासाची रोजनिशी त्यांनी १८४० मध्ये इंग्रजीत छापली. तिथे ते सीवर्ड कंपनीच्या कारखान्यात जहाजांची इंजिनं शिकले. आजच्या भाषेत इंडस्ट्रियल ट्रेनिंग, फक्त तिशी ओलांडल्यावर, आणि रिपोर्ट कॉपी न करता!

परत आल्यावर कंपनीने त्यांना मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे चीफ इंजिनिअर आणि इन्स्पेक्टर ऑफ मशिनरी नेमलं. १ एप्रिल १८४१ ला ते रुजू झाले. पगार महिना ६०० रुपये. खरी गंमत (किंवा खरी कुचंबणा म्हणा) इथून पुढे आहे. त्यांच्या हाताखाली युरोपियन इंजिनिअर आणि बॉयलरवाले होते. काळा साहेब आणि गोरे कामगार ही कल्पनाच तेव्हा अनेकांना सहन होत नव्हती. मुंबईतल्या एका इंग्रजी वर्तमानपत्राने तर उघड टीका केली की एवढी जबाबदारी नेटिव्ह माणसाला झेपणार नाही. त्याला उत्तर काय द्यायचं? अर्देशीरनी पुढची सोळा वर्षं ती फॅक्टरी चालवून दाखवली.

आणि काम काही खुर्चीवर बसून करायचं नव्हतं. तेव्हाच्या आगबोटींच्या बॉयलरमध्ये सरळ समुद्राचंच पाणी जायचं. पाण्याची वाफ व्हायची आणि मीठ मागे राहायचं. ते आतून थर धरायचं, उष्णता पलीकडे जायची नाही, पत्रा लाल व्हायचा आणि बॉयलर फाटायची भीती. म्हणून दर काही तासांनी थोडं खारं पाणी बाहेर सोडून द्यायचं, म्हणजे ब्लो-डाऊन. त्याबरोबर उष्णताही वाया आणि कोळसाही. वाफ वेगळी थंड करून तेच गोडं पाणी पुन्हा वापरणारे सरफेस कंडेन्सर सर्रास यायला १८६० चं दशक लागलं. तोवर प्रत्येक बोट बंदरात आली की दुरुस्ती ठरलेली. ती सगळी अर्देशीरच्या अंगावर.

सोळा वर्षांत ते नुसते नोकरी करत बसले नाहीत. १८४९ मध्ये ते पुन्हा परदेशी गेले, या वेळी अमेरिकेपर्यंत, आणि तिथून लाकूड कापायची यंत्रं घेतली. फेब्रुवारी १८५१ मध्ये त्यांनी ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात सोडली. हिचे यंत्राचे भाग त्यांनी घरच्या फाउंड्रीत ओतून तयार केले होते. मागची ‘इंडस’ आठवा. तिचं इंजिन विलायती होतं. म्हणजे अठरा वर्षांत गाडी आयात करण्यापासून स्वतः घडवण्यापर्यंत आली. आपल्याकडे ‘इंडिजनायझेशन’वर सेमिनार होतात, त्याचा पहिला धडा हा. याशिवाय शिवणयंत्र, फोटोग्राफी, इलेक्ट्रोप्लेटिंग या गोष्टी मुंबईत आणणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव घेतात.

१ ऑगस्ट १८५७ ला ते निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी इंग्लंडला जाऊन राहिले. पण इंजिनिअर रिटायर होतो म्हणजे नेमकं काय होतं? १८६१ मध्ये पन्नाशी उलटलेले अर्देशीर पुन्हा बोलावल्यावर परत आले. सिंधमध्ये कोटरीला इंडस फ्लोटिला कंपनीच्या बोटी होत्या, त्यांची यंत्रं सांभाळायला. ज्या नदीचं नाव आपल्या पहिल्या जहाजाला दिलं, त्याच नदीवर शेवटची नोकरी! नंतर ते लंडनजवळ रिचमंडला परतले आणि १६ नोव्हेंबर १८७७ रोजी तिथेच वारले. त्यांच्या फेलोशिपची आठवण म्हणून भारतीय टपाल खात्याने १९६९ मध्ये तिकीट काढलं.

मला त्यांच्याबद्दल एका गोष्टीचं सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं. ज्या वाफेच्या मागे ते लागले, तिनेच त्यांच्या घराण्याचा धंदा संपवला. वाफेमागून लोखंड आलं, सागवान मागे पडलं, लोखंडी जहाजं विलायतेत बनू लागली आणि मुंबईच्या गोदीचा तो दबदबा राहिला नाही. मग अर्देशीर चुकले का? मला तसं वाटत नाही. त्यांनी डोळे मिटले असते तरी वाफ यायचीच होती. निदान एक माणूस असा होता, की ज्याने ती दुसऱ्याच्या हातात बघत न बसता स्वतः शिकून घेतली.

दुसरीही एक बाजू आहे. त्या इंजिनांबरोबर समुद्रावर कोळशाचा धूर आला, नंतर तेल आलं. तेव्हा धूर म्हणजे प्रगती! आज तोच निस्तरणं हे मरीन इंजिनिअरचं मोठं काम झालंय. १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनात गंधक ०.५ टक्क्याच्या वर चालत नाही, आधी ३.५ टक्के चालायचं. ज्यांना जुनंच इंधन वापरायचंय त्यांना धुरांड्यात स्क्रबर बसवावा लागतो. तळाशी साठलेलं तेलकट पाणी समुद्रात सोडायचं, तर त्यात तेल दहा लाख भागांत १५ भागांपेक्षा कमी हवं. बॅलास्टच्या पाण्यातून एका समुद्रातले जीव दुसऱ्या समुद्रात जाऊ नयेत म्हणून २०१७ पासून वेगळा जागतिक करार लागू आहे. या प्रत्येक नियमामागे एक यंत्र आहे, आणि ते यंत्र अजून स्वस्त, लहान आणि भरवशाचं व्हायचंय.

पुण्याला समुद्र नाही, मग आपला काय संबंध, असं म्हणू नका. तळेगावजवळ इंदुरीला मरीन इंजिनिअर तयार होतातच की! आणि फिल्टर, पंप, सेन्सर, कंट्रोल सिस्टिम ही सगळी कामं आपल्याच ब्रँचेसची आहेत. अर्देशीरकडे तर ना कॉलेज होतं, ना सिलॅबस, ना लायब्ररी कार्ड. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी विषय मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी (त्यात मीही आलेच) एकदा या माणसाकडे बघावं, एवढंच.