विक्रमांपलीकडची वैमानिका

१९३० सालच्या मे महिन्याची पाच तारीख. मध्यरात्र उलटल्यावर गुजरातेतील कराडी येथे महात्मा गांधींना अटक झाली आणि सारा हिंदुस्थान खवळून उठला. सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला तो याच पंधरवड्यात. त्याच दिवशी सकाळी, लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून, सव्वीस वर्षांची एक इंग्रज तरुणी लहानशा उघड्या विमानात एकटीच बसली आणि ऑस्ट्रेलियाच्या दिशेने निघून गेली. तिचे नाव एमी जॉन्सन. निरोपाला वडील आणि मोजके स्नेही यांच्याखेरीज फारसे कोणी नव्हते. एकोणीस दिवसांनंतर ती डार्विन येथे उतरली, तेव्हा मात्र अर्ध्या जगाच्या ओठांवर तिचे नाव होते.

जग एमीला ओळखते ते या एकोणीस दिवसांसाठी. तथापि तिच्या आयुष्याचा खरा अर्थ या दिवसांच्या अलीकडे आणि पलीकडे शोधावा लागतो. तो विमानशाळेतल्या तेलकट फरशीवर सापडतो, आणि दुसऱ्यांची विमाने निमूटपणे नेऊन पोहोचवण्याच्या कामात सापडतो.

एमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजी हल या बंदरात एका मासळीच्या व्यापाऱ्याच्या घरी झाला. शेफील्ड विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेऊन ती लंडनमध्ये एका वकिलाच्या कचेरीत नोकरीला लागली. पगार बेताचा, त्यातून वाचेल तो पैसा ती स्टॅग लेन येथील विमान क्लबात ओतू लागली. जुलै १९२९ मध्ये तिला वैमानिकाचा परवाना मिळाला. पण तिची नजर तेवढ्यावर थांबली नाही. क्लबाचे प्रमुख यंत्रज्ञ जॅक हम्फ्रीज यांच्या हाताखाली ती पहाटेपासून इंजिने खोलू-जोडू लागली, आणि त्याच वर्षअखेर विमानदुरुस्तीचा परवाना मिळवणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री ठरली. विमान उडवणे ही त्या काळी श्रीमंतांची हौस होती. विमान समजून घेण्याची तसदी मात्र त्या हौशी मंडळींपैकी फार थोडे घेत.

तिचे विमानही नवे नव्हते. डी हॅविलँड कंपनीचे वापरलेले जिप्सी मॉथ तिने सुमारे ६०० पौंडांना घेतले. काही पैसे वडिलांनी घातले, काही तेलाचे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड यांनी. वडिलांच्या मासळीच्या पेढीचे व्यापारी चिन्ह होते ‘जेसन’. तेच नाव तिने विमानाला दिले. लाकूड आणि कापड यांचा हा सांगाडा, शंभर अश्वशक्तीचे इंजिन, बिनतारी यंत्र नाही, डोक्यावर छप्पर नाही. जादा टाक्यांतले पेट्रोल हाताने पंप मारून वर चढवावे लागे. एक जादा पंखाही विमानाला बाहेरून बांधलेला होता. याआधीचा तिचा सर्वांत लांबचा प्रवास कोणता, तर लंडन ते हल! अशा तयारीनिशी ती अकरा हजार मैलांच्या वाटेला लागली. याला काही जण साहस म्हणतील, काही अविचार. दोन्ही म्हणणाऱ्यांनी तिच्या हातातला पाना विसरू नये.

बगदादच्या अलीकडे वाळूच्या वादळाने तिला वाळवंटात खाली बसवले. तरीही सहाव्या दिवशी ती कराचीला पोहोचली. तोवर बर्ट हिंकलर यांच्या १९२८ सालच्या विक्रमापेक्षा ती दोन दिवस पुढे होती. तेथून अलाहाबाद गाठायचे, तर वारा समोरचा. पेट्रोल संपत आले आणि तिला झाशीच्या लष्करी कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले. पंखाला इजा झाली. ज्या झाशीच्या नावाशी मराठी मनात एका घोडेस्वार राणीची मूर्ती कायमची जोडली गेली आहे, तेथे ही दुसरी मुशाफिर अशी अवचित येऊन थबकली. दुरुस्ती उरकून ती कलकत्त्याला गेली. रंगूनजवळ इनसेन येथे मैदानालाच विमानतळ समजून ती उतरली आणि विमान खंदकात गेले. तेथील तंत्रशाळेने तुटलेले भाग घडवून दिले. पंखांसाठी कापड हवे होते. महायुद्धानंतर उरलेल्या विमानाच्या कापडाचे कोणी सदरे शिवले होते, तेच उसवून पंखांवर चढवण्यात आले. बांधून आणलेला जादा पंखा इथे कामी आला. पण दिवस हातचे गेले ते गेलेच, आणि हिंकलर यांचा विक्रम अभंग राहिला. म्हणजे ज्या उड्डाणाने ती जगप्रसिद्ध झाली, ते विक्रमाच्या हिशेबात अपयशीच होते! रोज संध्याकाळी उतरल्यावर ती आधी इंजिनाची सफाई करी आणि मगच दोन-तीन तास झोपे. जेसन डार्विनला पोहोचले ते या नित्यनेमाच्या बळावर.

पुढे जे घडले ते कीर्तीच्या नियमाप्रमाणेच घडले. राजाकडून किताब, एका वृत्तपत्राकडून दहा हजार पौंड, तिच्या नावाची गाणी, रस्त्यारस्त्यांत गर्दी. १९३१ मध्ये हम्फ्रीज यांना बरोबर घेऊन ती टोकियोला गेली. १९३२ मध्ये जिम मॉलिसन या वैमानिकाशी तिने विवाह केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात एकटीने केप टाउनच्या उड्डाणाचा विक्रम मोडला. १९३३ मध्ये या जोडप्याने अटलांटिक ओलांडला. पण न्यूयॉर्क जवळ आले असता ब्रिजपोर्टला विमान कोसळले. १९३४ च्या मेलबर्न शर्यतीत दोघे आघाडीवर होते. जबलपूरला हलक्या प्रतीचे पेट्रोल भरावे लागल्याने इंजिन निकामी झाले आणि अलाहाबादला शर्यत सोडावी लागली. १९३८ मध्ये विवाहही मोडला. लहान विमानांच्या विक्रमांचे युग सरत आले होते, आणि जगाने ज्या कामासाठी तिला डोक्यावर घेतले होते, ते कामच उरले नव्हते.

अशा वेळी माणसाची परीक्षा होते. युद्ध पेटल्यावर एमीने मे १९४० मध्ये एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलिअरी या दलात नाव घातले. कारखान्यातून निघालेली विमाने हवाई दलाच्या तळांवर नेऊन सोडणे हे या दलाचे काम. स्त्रियांच्या तुकडीच्या प्रमुख होत्या पॉलिन गॉवर. कीर्तीने एमी त्यांच्याहून कितीतरी मोठी; तरीही ती साध्या वैमानिकाच्या पायरीवर रुजू झाली. पगार पुरुषांपेक्षा एक पंचमांश कमी. तो समान झाला १९४३ मध्ये, तिच्या पश्चात. आज एका जातीचे विमान, उद्या दुसऱ्या जातीचे. कधी न हाताळलेले विमान छोट्या टिपणवहीच्या आधारे उडवायचे. बिनतारी यंत्र नाही. ढगांच्या खाली राहून जमीन ओळखत जायचे. येथे टाळ्या नाहीत, छायाचित्रे नाहीत. विमान धड पोहोचले, सही झाली, की काम संपले. या दलाने युद्धकाळात तीन लाखांहून अधिक विमाने अशी पोहोचवली.

५ जानेवारी १९४१ रोजी एमीने ब्लॅकपूलहून एक ऑक्सफर्ड जातीचे विमान ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टनला नेण्यासाठी उचलले. हवा अत्यंत खराब होती. वास्तविक हे अंतर तासाभराचे. पण चार तासांनी ती उतरली ती शंभर मैलांहून दूर, थेम्सच्या मुखाशी, हर्न बे गावासमोरच्या गोठलेल्या पाण्यात, हवाई छत्रीने. ‘हेझलमिअर’ या युद्धनौकेने तिला वाचवण्याची शिकस्त केली. नौकेचे अधिकारी वॉल्टर फ्लेचर यांनी त्या पाण्यात उडी घेतली आणि त्यापायी प्राण गमावले. एमीचा देह कधीच हाती लागला नाही. तिच्या अंताविषयी पुढे तर्ककुतर्क पुष्कळ झाले. त्यांतून तिच्या कामाचे मोल कमी-अधिक होत नाही.

आपल्याकडेही याच कथेचा धागा येऊन मिळतो. मे १९३० मध्येच आगाखान पारितोषिकासाठी जे. आर. डी. टाटा आणि अस्पी इंजिनिअर इंग्लंड-हिंदुस्थान मार्गावर लहान विमाने उडवीत होते. वाटेत इजिप्तमध्ये टाटांनी आपल्या प्रतिस्पर्ध्याला स्पार्क प्लग दिले, आणि पारितोषिक अस्पींनी जिंकले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून जुहूला टपाल आणले ते पस मॉथ विमानातून. पुढच्याच महिन्यात एमी केप टाउनला गेली तेही त्याच जातीच्या विमानातून. तिचा विक्रम लवकरच दुसऱ्यांनी मोडला. टपालाच्या त्या थैल्यांतून मात्र या देशाची हवाई वाहतूक उभी राहिली.

आपण विक्रमवीरांचे पुतळे उभारतो, परंतु पाना धरणाऱ्या हाताकडे आणि सोपवलेली वस्तू जागेवर नेऊन देणाऱ्या माणसाकडे आपले लक्ष जात नाही. एमीचे ‘जेसन’ आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात टांगलेले आहे, आणि लोक मान वर करून त्याकडे पाहतात. तिच्या शेवटच्या विमानाला असे स्थान नाही. पण तिची थोरवी मोजायची तर ती थेम्सच्या तळाशी गेलेल्या, तिच्या मालकीच्या नसलेल्या, त्या विमानावरूनच मोजली पाहिजे.