ताराबाई मोडक आणि परक्या भाषेचा उंबरठा

बोईसर-तारापूरच्या उत्तरेस, डहाणू तालुक्यात कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक यांच्या जीवनकार्याचे अखेरचे पर्व तेथे घडले. १८९२ साली जन्मलेल्या ताराबाई १९१४ मध्ये पदवीधर झाल्या आणि पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सहकारी बनल्या.

१९४५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी बोर्डीस बालशिक्षण केंद्र उभारले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस आल्या. वारली मुलांना शाळेतील मराठी जवळजवळ परकीच होती. माँटेसरीची महागडी साधने येथे न परवडणारी. तेव्हा शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. मूल आधी वस्तू हाताळी, मग तिचा शब्द उच्चारी. मूल शाळेत येईना, म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली; तीच अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडला हलले. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळाही निघाली.

आमच्या चिमुकल्यांना इंग्रजी तशीच परकी आहे. मराठीत आंघोळ 'करतात', म्हणून ती 'डू बाथ' म्हणतात. पाऊस मोठा, म्हणून 'बिग रेन'. केवळ नियम सांगून हे सुटत नाही, असे आम्हांस वाटते. बादलीजवळच्या मुलाच्या चित्राखाली 'टेक अ बाथ' आणि मुसळधार पावसाच्या चित्राखाली 'हेवी रेन' अशी अखंड जोडी दिसली, की ती चित्रासह मनात राहते. वस्तू जवळ नसेल तेथे चित्र, एवढाच काय तो फरक.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या निवर्तल्या. दोनच वर्षांनी एकात्मिक बालविकास योजनेतून 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोहोचला.