ऑस्लोच्या कपाटातला सिनेमा

१९८१ साली नॉर्वेतल्या ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात, कुणी फारसं उघडत नसलेल्या एका कपाटातून फिल्मचे जुने डबे बाहेर निघाले. आत होती 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' या १९२८ च्या मूकपटाची मूळ रूपातली प्रत. ही आवृत्ती कधीच जळून गेली असं सगळं जग धरून चाललं होतं. तिच्या दिग्दर्शकानंही तसंच धरलं होतं आणि तो तेरा वर्षांपूर्वी गेला होता.

त्याचं नाव कार्ल थिओडोर ड्रायर. देश डेन्मार्क. आजही या देशाची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या जेमतेम निम्मी. एवढ्याशा देशातला माणूस जगातल्या सर्वोत्तम दिग्दर्शकांच्या यादीत कसा जाऊन बसला, असं तुम्हाला वाटेल. पण त्याच्या आयुष्यातला खरा प्रश्न वेगळा आहे. जगानं नाव घेतलं तरी घरी काम मिळत नसेल, तर मधली वर्षं काढायची कशी?

ड्रायरचा जन्म ३ फेब्रुवारी १८८९ चा, कोपनहेगनमधला. आई स्वीडिश, घरकाम करणारी आणि अविवाहित. तिला बाळ सांभाळणं शक्य नव्हतं. तो दोन वर्षांचा असताना पुन्हा नको असलेलं गरोदरपण आलं, त्यातून सुटण्याच्या धडपडीत ती गेली. बाळाला एका छापखान्यातल्या टाइपसेटरच्या कुटुंबानं दत्तक घेतलं आणि त्याला स्वतःचंच नाव दिलं. त्या घरात माया नव्हती, असं ड्रायरला कायम वाटत राहिलं. आईचं काय झालं हे त्याला मोठेपणी कळलं. पुढे त्याच्या सिनेमांत पुन्हा पुन्हा एक बाई दिसते, जिचा निवाडा भोवतालचे पुरुष करत असतात. ती कुठून आली असेल, हे वेगळं सांगायला नको.

तरुणपणी त्यानं टेलिग्राफ कंपनीत नोकरी धरली. ती काही झेपली नाही. मग तो पत्रकार झाला. विमानं आणि बलून हे त्याचे आवडते विषय. नामवंतांवर तिरकस शब्दचित्रंही तो लिहायचा, टोपणनावानं. १९१३ च्या सुमारास तो 'नॉर्डिस्क' या फिल्म कंपनीत शिरला. मूकपटात मधेमधे ज्या पाट्या येतात, त्यांवरचा मजकूर लिहायचा, पटकथा लिहायच्या, एडिटिंग बघायचं, अशी पडेल ती कामं. सहा वर्षं हे केल्यावर १९१९ मध्ये 'प्रेसिडेंट' हा त्याचा पहिला सिनेमा आला.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. १९०६ मध्ये सुरू झालेल्या नॉर्डिस्कचे सिनेमे पहिल्या महायुद्धाआधी युरोपभर विकले जायचे. आस्टा नील्सन ही डॅनिश नटी युरोपातली मोठी स्टार होती. एवढ्या छोट्या देशाला हे जमलं, कारण मूकपटाला भाषा नसते. पाट्या बदलल्या की तोच सिनेमा बर्लिनला चालतो, पॅरिसलाही चालतो. पुढे युद्धानं बाजारपेठा तोडल्या आणि नंतर बोलपट आला. बोलणारा डॅनिश सिनेमा समजणारी माणसं तेव्हा जेमतेम पस्तीस लाख. देश तोच, पण बाजार एकदम आकसला.

ड्रायर या दोन्ही काळांत जगला. काम मिळेल तिथं तो गेला. नॉर्वेत शूटिंग केलं, जर्मनीत सिनेमा केला. मग १९२५ मध्ये घरी परतून त्यानं 'मास्टर ऑफ द हाऊस' केला. घरात हुकूमशहासारखा वागणारा नवरा आणि त्याला वठणीवर आणणारी म्हातारी दाई, एवढीच गोष्ट. हा सिनेमा फ्रान्समध्ये इतका चालला की तिथल्या एका निर्मिती संस्थेनं ड्रायरला बोलावून घेतलं. त्यातून जोन ऑफ आर्क घडला.

जोनवर चाललेल्या खटल्याच्या खऱ्या नोंदी त्यानं आधाराला घेतल्या. भलामोठा, खर्चिक सेट उभारला आणि पडद्यावर तो जवळजवळ दाखवलाच नाही. दाखवले ते चेहरे. कॅमेरा खाली ठेवता यावा म्हणून जमिनीत खड्डे खणले. कुणाला मेकअप नाही, त्यामुळे सुरकुत्या, चामखीळ, घाम सगळं दिसतं. जोन झालेली फाल्कोनेत्ती ही रंगभूमीवरची नटी. तिचे केस खरोखर कॅमेऱ्यासमोर भादरले गेले. तिचा तो चेहरा पाहिल्यावर अभिनय या शब्दाचा अर्थ आपल्यासाठी थोडा बदलतो, एवढं नक्की.

पुढे जे झालं ते कुणाच्याही वाट्याला येऊ नये. फ्रान्समध्ये चर्च आणि सेन्सॉरच्या दबावाखाली सिनेमाला कात्री लागली. इंग्रज सैनिक वाईट दाखवले म्हणून ब्रिटनमध्ये बंदी आली. त्याच वर्षी बर्लिनमध्ये आग लागून मूळ निगेटिव्ह जळाली. ड्रायरनं न वापरलेल्या टेक्समधून जवळपास तसाच दुसरा सिनेमा जुळवला. पुढच्या वर्षी त्याचीही निगेटिव्ह दुसऱ्या आगीत गेली. त्यानंतर जगानं पाहिल्या त्या तुकडे जोडलेल्या, कापलेल्या प्रती.

१९३२ मध्ये 'व्हॅम्पायर' आला. आज भयपटांचा इतिहास त्याच्याशिवाय लिहिता येत नाही. तेव्हा मात्र बर्लिनच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. ड्रायर मनानं कोसळला, उपचार घ्यावे लागले. वय ४३. हातात काम नाही. मग त्यानं काय केलं? कोपनहेगनला परतला आणि पुन्हा वर्तमानपत्रात रुजू झाला. रोज कोर्टात बसायचं आणि छोट्या-मोठ्या खटल्यांच्या बातम्या लिहायच्या. ज्याचा सिनेमा पॅरिसमध्ये गाजला होता, तो माणूस कोर्टाच्या बाकावर वही घेऊन बसलेला. पत्रकारिता शिकताना हे वाचलं, तेव्हा मी थांबले. आपण ज्याला पहिली पायरी समजतो, तिथं तो चाळिशीनंतर परत आला होता. आणि आरोपी, साक्षीदार, न्यायाधीश यांचे चेहरे बघत होता.

पुढचा सिनेमा यायला अकरा वर्षं लागली. १९४३ चा 'डे ऑफ रॅथ' चेटकीण ठरवून बायकांना जाळणाऱ्या सतराव्या शतकातला. डेन्मार्क तेव्हा जर्मन सैन्याच्या ताब्यात होता. संशय, चुगल्या आणि कबुलीजबाबांची ती गोष्ट लोकांनी आपल्याच काळाची म्हणून वाचली. ड्रायर स्वीडनला निघून गेला. तिथं केलेला पुढचा सिनेमा साफ पडला, त्याला स्वतःलाच तो नकोसा झाला.

युद्धानंतर त्यानं सरकारसाठी माहितीपट केले. त्यातला १९४८ चा 'दे कॉट द फेरी' रस्ता सुरक्षेवरचा. फेरीबोट गाठायला मोटरसायकलवरून सुसाट निघालेलं जोडपं, बस्स. अकरा मिनिटांचा हा सरकारी प्रचारपट आजही पाहताना हातपाय गार पडतात. काम छोटं म्हणून त्यानं हात आखडता घेतला नाही.

१९५२ मध्ये सरकारनं त्याला कोपनहेगनचं 'डागमार' हे थिएटर चालवायला दिलं. डेन्मार्कमध्ये थिएटरचे परवाने सरकार द्यायचं, कलावंतांना त्यातून आधार मिळायचा. पोटापाण्याची सोय झाली. १९५५ मध्ये 'ऑर्डेट' आला. नाझींनी १९४४ मध्ये गोळ्या घालून मारलेल्या काय मुंक या पाद्री-नाटककाराच्या नाटकावरचा. दोन तासांच्या या सिनेमात शॉट्स सव्वाशेही नाहीत. व्हेनिसमध्ये त्याला गोल्डन लायन मिळाला आणि घरचे प्रेक्षकही आले. दोन्ही एकदम मिळण्याची ही वेळ त्याच्या आयुष्यात विरळाच.

शेवटचा 'गर्ट्रूड' १९६४ च्या डिसेंबरमध्ये पॅरिसला दाखवला गेला. ७५ वर्षांच्या ड्रायरच्या सन्मानार्थ जमलेल्यांतले काही उठून गेले, काहींनी हुर्यो केली. पाठीशी उभे राहिले ते तरुण फ्रेंच समीक्षक. त्याआधी १९६२ मध्येच गोदारनं आपल्या सिनेमात एक प्रसंग घातला होता. त्याची नायिका अंधाऱ्या थिएटरात ड्रायरची जोन बघते आणि रडते.

येशूच्या जीवनावरचा सिनेमा हे त्याचं खरं स्वप्न. त्यासाठी तो हिब्रू शिकला, इस्रायलला जाऊन आला, कित्येक वर्षं पटकथेवर बसला. अखेर पैशांची चिन्हं दिसू लागली आणि २० मार्च १९६८ ला तो गेला. जवळपास अर्ध्या शतकात पूर्ण लांबीचे सिनेमे १४. त्यातल्या बोलपटाच्या छत्तीस वर्षांत फक्त पाच.

आज डॅनिश सिनेमा ऑस्कर आणतो. 'बॅबेट्स फीस्ट'पासून 'अनदर राउंड'पर्यंत नावं घेता येतील. त्यामागे १९६४ चा सरकारी निधीचा कायदा आहे, १९६६ ची फिल्म स्कूल आहे. म्हणजे ड्रायरला जे मिळालं नाही, ते पुढच्यांना मिळावं याची सोय त्याच्या देशानं केली. त्याच फिल्म स्कूलमधून आलेल्या लार्स फॉन ट्रायरनं १९८८ मध्ये ड्रायरनं लिहून ठेवलेली 'मीडिया' ही पटकथा टीव्हीसाठी चित्रित केली. आणि २०१२ मध्ये ब्रिटनच्या 'साइट अँड साउंड' मासिकानं जगभरच्या समीक्षकांकडून सर्वोत्तम सिनेमे निवडून घेतले, तेव्हा जोन नवव्या नंबरावर होती.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर अकरा मिनिटांच्या फेरीपासून करा. मग जोन बघा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. आवडली तर एखाद्या निवांत रविवारी ऑर्डेट. शेवटची दहा मिनिटं येईपर्यंत कंटाळा आला तरी उठू नका. ड्रायर याहून कितीतरी जास्त थांबला होता.