संप्रेरके तोडणारे हगिन्स

चार्ल्स हगिन्स यांचा जन्म 1901 मध्ये कॅनडातील हॅलिफॅक्स येथे झाला. हार्वर्डमधून डॉक्टर होऊन 1927 मध्ये ते शिकागो विद्यापीठात रुजू झाले. तिथे वाट्याला मूत्ररोग आले. या विषयाचे खास शिक्षण नसतानाही त्यांनी तो आपलासा केला.

म्हातारपणी माणसाप्रमाणेच कुत्र्याचीही प्रोस्टेट ग्रंथी वाढते. कुत्र्यांवरील प्रयोगांत हगिन्स यांना दिसले, की वृषणातून येणारे पुरुषी संप्रेरक बंद झाले की ही ग्रंथी आक्रसते. मग तिच्या कर्करोगाचे काय? कर्करोगाची पेशी शरीराचे काहीच ऐकत नाही, असा तेव्हाचा समज होता. हगिन्स यांनी हाडांपर्यंत रोग पसरलेल्या रुग्णांचे वृषण काढले, काहींना स्त्री-संप्रेरक दिले. मणक्यांच्या असह्य वेदनांनी खिळलेले काही रुग्ण थोड्याच दिवसांत उठून बसले. क्लॅरेन्स हॉजेस यांच्यासह त्यांनी 1941 मध्ये रक्तातील आम्ल फॉस्फटेज मोजून पुरावाही दिला: संप्रेरक तोडले की त्याची पातळी उतरे, संप्रेरक टोचले की चढे. दूरच्या हाडात जाऊन बसलेली पेशीही आपल्या मूळ ग्रंथीची सवय सोडत नव्हती.

पण बऱ्याच रुग्णांत काही काळाने रोग उलटे. मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी थोडे पुरुषी संप्रेरक पुरवत असावी, हे ओळखून हगिन्स यांनी 1940च्या दशकात तीही काढून पाहिली. कॉर्टिसोन तेव्हा हाती नव्हते; त्याविना रुग्ण टिकेनात. हा त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत धाडसी आणि सर्वांत दुःखद भाग म्हणावा लागेल.

नोबेल मिळाले 1966 मध्ये, म्हणजे 25 वर्षांनी. सहमानकरी पेटन राउस यांना तर त्यांच्या शोधानंतर 55 वर्षे थांबावे लागले!

पेशी नेमकी कशी बदलते, हे पुढे उलगडले. उपासमार झाली की ती संप्रेरक पकडणाऱ्या ग्राहींची संख्या वाढवते. कधी ग्राहीचा आकारच असा बदलते, की संप्रेरकाविनाही तो चालू राहतो. काही पेशी तर ग्रंथीचे रूप टाकून चेतापेशींसारख्या वागू लागतात. शिवाय गाठ स्वतःच संप्रेरक बनवू शकते. अधिवृक्क ग्रंथी आणि गाठ, दोन्हीकडची ही निर्मिती रोखणाऱ्या अबिराटेरोन या गोळीला अमेरिकेत 2011 मध्ये मान्यता मिळाली. अधिवृक्क ग्रंथीबद्दलचा हगिन्स यांचा अंदाज बरोबर होता. ते मात्र 1997 मध्येच, वयाच्या 95व्या वर्षी, शिकागोत निवर्तले होते.