लोकनायक बापूजी अणे : निष्ठा आणि मतभेद

माधव श्रीहरी अणे यांच्या चरित्राकडे वरवर पाहणाऱ्यास त्यात विसंगतीच अधिक दिसतील. टिळकांचा हा कट्टर अनुयायी गांधीजींच्या कायदेभंगात तुरुंगात गेला. काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद भूषविल्यावर वर्षभरातच त्याने निराळा पक्ष उभा केला. ज्या सरकारने त्याला बंदिवान केले, त्याच सरकारच्या व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात तो जाऊन बसला. स्वतंत्र भारतात राज्यपालपद भोगून झाल्यावर, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, सत्ताधारी पक्षाविरुद्ध निवडणुकीस उभा राहिला. एवढ्यावरून कोणी त्यांना चंचल ठरविले, तर ते सोपे होईल. न्याय्य मात्र होणार नाही.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. घरात संस्कृत विद्येची परंपरा होती. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्यांनी अमरावतीस काही वर्षे शिक्षकाचा पेशा पत्करला. पुढे कायद्याची परीक्षा देऊन १९०८ च्या सुमारास ते यवतमाळला वकिली करू लागले. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस धाडण्यात आले ते याच वर्षी, आणि वकिलीबरोबरच बापूजींचे राजकारणही तेव्हाच पक्के झाले. होमरूलच्या चळवळीत त्यांनी वऱ्हाड पालथा घातला. यवतमाळहून त्यांनी ‘लोकमत’ हे साप्ताहिक चालविले. त्याचे नाव टिळकांनीच सुचविल्याचे सांगतात. ते पत्र पुढे बंद पडले, पण नाव टिकले. जवाहरलाल दर्डा यांनी यवतमाळातच ते पुन्हा हाती घेतले आणि १९७१ साली नागपुरातून त्याचे दैनिक झाले. एका जिल्ह्याच्या गावी निघालेल्या छोट्याशा पत्राला असे भाग्य क्वचितच लाभते.

बापूजींच्या कर्तृत्वाची खरी साक्ष १९३० सालाने दिली. दांडीच्या यात्रेनंतर देशभर मिठाचा कायदा मोडला जाऊ लागला; परंतु वऱ्हाडाला समुद्र कोठून आणावा? अकोला जिल्ह्यात दहिहांडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढण्यात आले, पण त्या मार्गाला मर्यादा होती. यवतमाळच्या शेतकऱ्याला मिठापेक्षा जंगलचा कायदा अधिक जाचत होता. ज्या रानात बापजाद्यांची गुरे चरली, ते राखीव झाले; तेथले गवत परवान्यावाचून कापणे हा गुन्हा ठरला; जनावर आत शिरले की कोंडवाडा आणि दंड. बैलावर ज्याची सारी शेती, त्याला हा कायदा रोज भेटत असे. बापूजींनी नेमके हेच हेरले. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ धुंदीच्या राखीव जंगलात जाऊन त्यांनी गवत कापले आणि सहा महिन्यांची शिक्षा पत्करली. पाठोपाठ तुकड्यामागून तुकड्या जंगलात शिरू लागल्या. त्याच वर्षी तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील बिळाशी आणि कुलाबा जिल्ह्यातील चिरनेर येथेही जंगलच्या कायद्याविरुद्ध लोक उठले. लढ्याचे तत्त्व गांधीजींचे खरे, पण त्याला वऱ्हाडच्या मातीतले रूप देण्याचे श्रेय बापूजींना द्यावेच लागेल.

१९३३ साली पुढारी तुरुंगात असताना काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. पुण्यास जुलैमध्ये भरलेल्या बैठकीनंतर सामुदायिक कायदेभंग स्थगित करण्याचा अप्रिय निर्णय त्यांच्याच सहीने जाहीर झाला. दुसऱ्या वर्षी जातीय निवाड्याचा प्रश्न आला. काँग्रेसने तो स्वीकारलाही नाही आणि धिक्कारलाही नाही. हे मौन बापूजींना मानवले नाही. पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासमवेत ते बाहेर पडले आणि काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष स्थापून मध्यवर्ती विधिमंडळात त्याचे नेतृत्व करू लागले. गांधीजींविषयीचा आदर मात्र त्यांनी कधी सोडला नाही.

त्यांच्या आयुष्यातील अवघड प्रकरण १९४१ चे. त्या वर्षी त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ भारतीयांचे खाते स्वीकारले. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे नेते गजाआड गेले, तरी ते जागेवर राहिले. १६ ऑगस्टला वणीच्या शेजारच्या चांदा जिल्ह्यात चिमूर पेटले, आणि पाठोपाठ पोलीस व लष्कराने गावावर केलेल्या अत्याचारांच्या वार्ता पसरल्या. सेवाग्रामचे प्रा. भणसाळी दिल्लीस थेट बापूजींच्या बंगल्यावर आले. आपल्याच मुलखातील या गावाला भेट द्यावी, चौकशी करवावी, एवढीच त्यांची मागणी होती. ती पुरी झाली नाही. भणसाळींनी उपोषण आरंभिले. ते त्रेसष्ट दिवस चालले. या काळातील बापूजींच्या स्वस्थतेचे समर्थन करणे कठीण आहे. आत राहून काही साधता येईल, असा त्यांचा विश्वास असावा. चिमूरच्या घरांना त्याचा उपयोग झाला नाही.

फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले आणि सरकारने त्यांना सोडण्यास नकार दिला. तेव्हा होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह बापूजींनी राजीनामा दिला. पाऊल उशिरा पडले, पण पडले. युद्ध ऐन भरात असताना व्हाइसरॉयच्या मंडळातून तिघांनी एकदम उठून जाणे ही सरकारला सहज झाकता येण्याजोगी गोष्ट नव्हती.

यानंतर सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी, मग घटना समितीचे सदस्य आणि १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल, अशी पदे त्यांच्याकडे आली. इतक्या मानाने कोणीही तृप्त होऊन घरी बसला असता. परंतु राज्य पुनर्रचना आयोगाने शिफारस करूनही वेगळा विदर्भ झाला नाही आणि १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, हे त्यांना पटले नव्हते. १९५९ च्या पोटनिवडणुकीत नाग-विदर्भ आंदोलन समितीतर्फे ते नागपुरातून लोकसभेवर निवडून आले. १९६२ साली पुन्हा आले. वेगळ्या विदर्भाविषयी मतभेद तेव्हाही होते, आजही आहेत. त्या वयात मतदारांपुढे जाऊन कौल मागण्याचे त्यांचे धैर्य विरोधकांनाही नाकारता आले नाही.

उतारवयात त्यांनी हाती घेतलेले काम मात्र राजकारणाचे नव्हते. टिळकांचे चरित्र त्यांनी संस्कृतात, सुमारे बारा हजार श्लोकांत रचले. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. पद्मविभूषण त्याच वर्षीचे. ‘श्रीतिलकयशोर्णवः’ या त्यांच्या ग्रंथाला १९७३ साली साहित्य अकादमीचा संस्कृतसाठीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा तो स्वीकारावयास वणीचे हे पंडित हयात नव्हते.