डॉक्टर आनंदीबाई जोशी

अमेरिकेंत जाऊन वैद्यकाची पदवी संपादन करणाऱ्या पहिल्या हिंदी स्त्रियांत डॉ. आनंदीबाई जोशी यांची गणना होते. त्यांना आयुष्य मात्र पुरतें बावीस वर्षांचेंही लाभलें नाहीं.

त्यांचा जन्म ता. ३१ मार्च १८६५ रोजीं झाला. माहेरचें नांव यमुना. वयाच्या नवव्या वर्षीं पोस्टखात्यांतील गोपाळराव जोशी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. गोपाळराव स्वभावानें हट्टी व तापट. परंतु पत्नीनें शिकलेंच पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष होता. चौदाव्या वर्षीं आनंदीबाईंना पुत्र झाला व तो दहा दिवसांतच दगावला. पुरुष डॉक्टरपुढें जाण्यास संकोचणाऱ्या स्त्रियांचे हाल त्यांनीं जाणले आणि स्वतः डॉक्टर होण्याचा निश्चय केला.

मार्ग बिकट होता. गोपाळरावांनीं एका अमेरिकन मिशनऱ्याकडे साहाय्य मागितलें, तेव्हां धर्मांतराची अपेक्षा पुढें आली. ती त्यांनीं मान्य केली नाहीं. हा पत्रव्यवहार अमेरिकेंतील एका नियतकालिकांत छापला गेला व न्यूजर्सींतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनांत आला. त्यांनीं धर्माची अट न घालतां मायेचा हात पुढें केला. इकडे लोकनिंदेस सीमा राहिली नाहीं. तेव्हां १८८३ सालीं बंगालमधील श्रीरामपूर येथें भरसभेंत आनंदीबाईंनीं आपला हेतु सांगितला. हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं, असें निक्षून बजावलें.

त्याच वर्षीं, पतीस मागें ठेवून, त्या कलकत्त्याहून आगबोटीनें निघाल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांत कडक थंडी व अपुरा आहार सोसूनही त्यांनीं अभ्यास सोडला नाहीं. प्रकृति ढांसळत गेली, तरी ता. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांनीं पदवी मिळविली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

कोल्हापूर संस्थानानें आपल्या रुग्णालयांतील स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक केली. परंतु स्वदेशीं परतल्या त्या क्षयानें जर्जर होऊनच. ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली व त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेवली गेली.

ज्या रोग्यांसाठीं त्यांनीं सातासमुद्रांपलीकडे जाऊन विद्या मिळविली, त्यांची सेवा करण्यास त्यांना अवधि मिळाला नाहीं. तथापि आपल्या स्त्रियांना ही विद्या झेपणार नाहीं, हें म्हणणें त्यांनीं कायमचें खोटें पाडलें. विद्यार्थिनींनो, आपलें स्वत्व न सोडतां परक्यांचें ज्ञान आत्मसात् करणें, हाच त्यांच्या चरित्राचा धडा होय. आणि कन्येच्या शिक्षणाविषयीं साशंक असलेल्या पालकांनींही तो मनन करण्याजोगा आहे.