विश्लेषण : ‘वंदे मातरम्’ बँडवर वाजतं का? मास्टर कृष्णरावांनी आक्षेपाला दिलं सुरांतून उत्तर

राष्ट्रगीत कोणतं, हे ठरायच्या आधी एक तांत्रिक प्रश्न उभा राहिला होता. ‘वंदे मातरम्’ लष्कराच्या किंवा पोलिसांच्या बँडवर वाजवता येईल का? उत्तर शोधायला पुढे आले मराठी संगीत रंगभूमीवरचे मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर.

कोण होते मास्टर कृष्णराव?

जन्म १८९८, आळंदी. भास्करबुवा बखले यांचे शिष्य. गंधर्व नाटक मंडळीत गायक नट आणि संगीतकार. ‘कान्होपात्रा’, ‘कुलवधू’ ही नाटकं, ‘प्रभात’चे ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१) हे चित्रपट त्यांच्या संगीताने गाजले. झिंझोटी रागातलं ‘वंदे मातरम्’ ते जाहीर कार्यक्रमांत गात.

आक्षेप काय होता?

गीतावर धार्मिक आक्षेप जुनेच होते. १९३७ मध्ये काँग्रेसने पहिली दोनच कडवी स्वीकारली. त्यात १९४७ ला न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेवेळी ‘जन गण मन’ वाद्यवृंदावर वाजलं आणि आवडलं. ‘वंदे मातरम्’ची चाल मात्र बँडला सोयीची नाही, असं पंडित नेहरूंचं मत होतं. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांनी ते सभागृहातही मांडलं.

अडचण नेमकी कुठे?

गायक एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घेत जातो. क्लॅरिनेट, ट्रम्पेटवर बोटांनी सुटे स्वर निघतात, तिथे ही मींड सहज जमत नाही. शिवाय अनेक वादकांनी एकाच वेळी वाजवायचं, तर आयत्या वेळची हरकत चालत नाही. प्रत्येक वाद्याचा भाग कागदावर लिहावा लागतो. लय संचलनाला जुळणारी हवी आणि चाल थोडक्यात संपायला हवी.

मग त्यांनी काय केलं?

मास्टर कृष्णरावांनी मुंबई पोलीस बँडचे प्रमुख सी. आर. गार्डनर यांच्या मदतीने बँडसाठी चाल तयार केली. दिल्लीत घटना समितीच्या सदस्यांसमोर प्रात्यक्षिकही दाखवलं.

निकाल काय लागला?

२४ जानेवारी १९५० रोजी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरलं आणि ‘वंदे मातरम्’ला समान मान मिळाला. मास्टर कृष्णरावांची मागणी मान्य झाली नाही. पण हे गीत बँडवर वाजू शकतं, हे त्यांनी दाखवून दिलं होतं.

नागपूरशी धागा काय?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विनंतीवरून त्यांनी बुद्धवंदनाही स्वरबद्ध केली. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७४ मध्ये त्यांचं निधन झालं.